कोल्हापुरात राजारामपुरीतलं डाएट क्लिनिक : चार महिन्यांचा अनुभव

चोवीस वर्षांचा होईपर्यंत मी तालमीत होतो. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. आता वय 41, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर बैठं काम, वजन 112. आधी एका ठिकाणी पावडरीचे डबे घेऊन 14 किलो उतरवलेलं. वर्षात सगळं परत आलं, तेव्हा तिथल्या माणसाने चारचौघांत सुनावलं, "तुमचा जिभेवर ताबाच नाही." ते फार जिव्हारी लागलं.

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत तासभर दिला. टेपने पोटाचा घेर घेतला, गुळाच्या हंगामात जागरण किती होतं ते विचारलं, कारण झोप कमी पडली की भूक चाळवते. मग वहीत चित्र काढून समजावलं. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. 1994 साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला उंदरांमध्ये त्याचं जनुक सापडलं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. जठरातून निघणारं, भूक लावणारं घ्रेलिन उलट वाढतं. म्हणजे ते 14 किलो माझं शरीरच ओढून आणत होतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तांबडा-पांढरा त्यांनी बंद केला नाही. बंद झालं ते अडतीवरचं पाकिटातलं खाणं, बिस्किटं आणि फरसाण. 2019 साली अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातलं आणि दोन आठवडे साधं अन्न पोटभर दिलं होतं. ताटात वाढताना साखर, चरबी, कॅलरी सारख्याच, त्यातलं किती खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तरी कारखान्यातलं खाताना माणसं दिवसाला 500 कॅलरी जास्त खात होती. आता सकाळी दहाला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, ताक. भाकरी चावून खावी लागते. दुसरी निम्मी होईतोवर पोट 'बास' म्हणतं. पूर्वी चार ब्रेड कधी संपायचे कळायचंही नाही.

चार महिन्यांत 7 किलो उतरलं. वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारलं, तर स्वतः काही न विकता डॉक्टरांकडे पाठवलं.

शनिवारी मात्र तासभर थांबावं लागतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आणि बाहेरच्या खुर्च्या हातांच्या, अरुंद. मॅडम, तिथं एक साधं बाकडं ठेवा. तुमच्याकडे येणारा माणूस आधीच अंग चोरून बसलेला असतो.