फेलोशिपचं वर्ष संपलं, घ्यावी का विचारणाऱ्यांसाठी

तीन-चार जणींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मी इंदूरची, बाणगंगेच्या वस्तीत आम्ही नऊ जणी सुती कापडाचे, धुवून परत वापरायचे पाळीचे पॅड शिवतो. मला मिळाली ती असं सामाजिक काम करणाऱ्यांसाठीची एक वर्षाची फेलोशिप, नाव लिहीत नाही कारण तक्रारही करायचीये.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे इथे पैसा माणसाला मिळतो. ग्रँट येते ती मशीन, कापड, ट्रेनिंग यातच जाते, पै-पैचा हिशोब द्यायचा आणि त्यात आपल्या घरच्या किराण्याला जागाच नसते. स्टायपेंड, म्हणजे फेलोशिपमधून घरखर्चाला मिळणारे पैसे, सुरू झाला तशा मी संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या, आणि सासूबाई पहिल्यांदा शेजारच्या काकूंना म्हणाल्या की सुनेला पगार येतो. बिल ड्रेटन यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या, सामाजिक काम करणाऱ्यांना फेलोशिप देणाऱ्या अशोका संस्थेचं गणितही हेच आहे, तीन वर्षांपर्यंत घरखर्चाला पैसे, म्हणजे माणसाने पोटापाण्यासाठी दुसरं काही न करता पूर्ण वेळ तेच काम करावं. पण तिथे निवड फार कडक, कल्पना खरंच नवी लागते.

दुसरं म्हणजे मेंटॉर. माझ्या मेंटॉर ताई वस्तीत आल्या, जमिनीवर बसल्या आणि बायकांना एकच विचारलं, वाळवता कुठे? कोणी बोलेना. मग एकीने दोरीवरचा टॉवेल उचलून दाखवला, खाली पॅड, चार दिवसांच्या पावसात ओलाच, वास येत होता. दोन वर्षं मी टाके आणि कापड बघत बसले आणि हे मला दिसलंच नाही! आता आमचा पॅड पूर्ण उलगडतो, वाळत घातला की साधा रुमाल वाटतो, उन्हात उघड्यावर टाकायला कोणी लाजत नाही. कचऱ्याच्या गाडीत सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा आहे आपल्याकडे, पण तिथपर्यंत जायलाच नको असं आमचं म्हणणं.

आता तक्रार. स्टायपेंडचा तिसरा हप्ता अडीच महिने उशिरा आला, मेल केले, फोन केले, "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर, आणि त्या दिवसांत मी नणंदेकडून उसने घेतले. ज्या पैशावर माणसाचं घर चालणारे तो असा लटकवणं मला फार चुकीचं वाटतं. फॉर्म आणि इंटरव्ह्यू सगळं इंग्लिशमध्ये, माझ्या वस्तीतली सगळ्यात हुशार बाई त्यामुळे अर्जच करू शकत नाही.

ज्यांचं स्वतःचं काम अजून सुरू नाही त्यांनी एसबीआय यूथ फॉर इंडिया ही फेलोशिप बघा, 13 महिने गावात राहून एखाद्या संस्थेसोबत काम करायचं असतं, पदवी लागते. काम चालू असेल तरच माझ्यासारखी घ्या, आणि सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा लेखी मागून घ्या.

पाचपैकी साडेतीन. स्टायपेंड मार्चमध्ये संपला, शिकवण्या परत सुरू केल्यात पण आठवड्यातून दोनच दिवस, बाकीचे दिवस वस्तीतच असते.