ऑब्सिडियन: नोंदींची मांडणी मागाहून मोडता येणारं ॲप

मी जीवशास्त्र शिकवते. वटवाघळावरची नोंद कुठे ठेवायची हा माझ्यापुढचा खराखुरा प्रश्न असतो. सस्तन प्राण्यांत? उड्डाणात? परागीभवनात? की प्रतिध्वनीवरून दिशा ओळखण्यात? फक्त फोल्डर असलेल्या ॲपमध्ये एकच जागा निवडावी लागते आणि बाकीचे धडे घेताना ती नोंद नजरेआड राहते. ऑब्सिडियनमध्ये नोंद एकच, पण हव्या तितक्या ठिकाणांहून तिला दुवे देता येतात. दोन चौकोनी कंस टाइप केले की जुन्या नोंदींची यादी उघडते, आणि बॅकलिंकमध्ये या नोंदीचा उल्लेख कुठे कुठे झालाय ते दिसतं.

हे मला इतकं का पटलं, ते मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचलेल्यांना लगेच कळेल. 'उडतो तो पक्षी' हा मुलांच्या मनातला पक्का स्कीमा, म्हणजे समजुतीचा साचा. वटवाघूळही ती त्यातच बसवतात, हे सात्मीकरण. ते पिल्लांना दूध पाजतं हे कळलं की स्कीमाच बदलावा लागतो, हे समायोजन. मोठ्यांनाही ते जड जातं. इथे निदान नोंदी तरी आड येत नाहीत: नोंदीचं नाव बदललं की तिच्याकडे येणारे दुवेही आपोआप बदलून घेता येतात.

मात्र नाव न देता नोंद सुरू करू नका. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये कपडे धुण्याबद्दलचा, मुद्दाम मोघम लिहिलेला उतारा लोकांना ऐकवला. ज्यांना विषय आधी सांगितला, त्यांना तो समजला आणि कितीतरी जास्त आठवला. ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना उपयोग झाला नाही. म्हणून मी नुसतं 'वटवाघूळ' लिहीत नाही. 'वटवाघूळ उडतं, तरी पक्षी का नाही?' असं लिहिते.

ग्राफ व्ह्यू, म्हणजे नोंदी ठिपक्यांनी आणि दुवे रेषांनी दाखवणारं ॲपमधलं चित्र, दिसतो सुरेख, पण दोन ठिपक्यांमधली रेषा नातं कोणतं ते सांगत नाही. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांच्या संकल्पना-नकाशात, म्हणजे कल्पना रेषांनी जोडून दाखवणाऱ्या आकृतीत, रेषेवरचे शब्दच महत्त्वाचे असतात. ती सोय ऑब्सिडियनच्या कॅनव्हासमध्ये, म्हणजे नोंदी मांडून जोडायच्या मोकळ्या फलकावर, आहे आणि माझ्या मते शिकवणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी. 'पंख' आणि 'पक्षी' यांना जोडणाऱ्या रेषेवर एखादी मुलगी 'म्हणजेच' लिहिते, दुसरी 'असतात, पण इतरांनाही'. पुढचा तास कुठून सुरू करायचा, ते मला तिथेच कळतं.