मोकळ्या कानांसाठी काय निवडाल? रोजच्या शांत श्रवणाचे तीन पर्याय

पोळ्या लाटताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे. लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा बॅगेवर, आणि कान पुन्हा मोकळेच. या कानांत बातम्यांचा आरडाओरडा नको, पण नुसती झोप आणणारं संगीतही नको, असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला विचारतात की इतिहास, विज्ञान, निसर्ग यांतलं काय ऐकू? मी गेली काही वर्षं तीन गोष्टी आलटून पालटून ऐकते आहे. तिन्ही फुकट ऐकता येतात. पण एकीच्या वेळी दुसरी लावली, तर तीच चांगली गोष्ट कंटाळवाणी वाटते. म्हणून विषय बघून निवडू नका. ऐकताना तुमचे हात काय करत असतात आणि सलग वेळ किती मिळतो, ते आधी बघा.

पहिला पर्याय बीबीसी रेडिओ ४ वरचा 'इन अवर टाइम'. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत चालवला आणि हजारावर भाग केले. विषय एक, त्यात आयुष्य घातलेले तीन अभ्यासक, आणि साधारण पाऊण तास. पार्श्वसंगीत नाही, उगाच ताणलेली उत्सुकता नाही. शून्य, प्रकाशसंश्लेषण, सम्राट अशोक, काहीही असू शकतं. एखादे प्राध्यापक भरकटले की ब्रॅग त्यांना तोडून मूळ प्रश्नावर आणतात. सुरुवातीला मला ते उद्धट वाटायचं. चार-पाच भागांनंतर लक्षात आलं की आपल्या मनात जो प्रश्न अडकलेला असतो, तोच ते विचारत असतात. पॉडकास्टमध्ये प्रसारणानंतरची काही मिनिटंही ठेवलेली असतात. सांगायचं काय राहिलं, असं पाहुण्यांना विचारतात, तिघं मोकळेपणी बोलू लागतात, आणि मग कुणीतरी येऊन चहा हवा की कॉफी ते विचारतं. तो चहा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

याला लक्ष मात्र पूर्ण लागतं. इंग्रजी प्राध्यापकी थाटाचं, बोलण्याचा वेग बऱ्यापैकी जास्त, नावांची गर्दी. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला धागा सुटतो आणि पाच मिनिटं मागे जावं लागतं. म्हणून हा स्वयंपाकघरात लावू नका. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत धीम्या गाडीत बसायला जागा मिळाली असेल, किंवा संध्याकाळी एकट्याने लांब चालायला जात असाल, तर याच्याइतकी चांगली सोबत नाही.

दुसरा पर्याय मी सर्वांत आधी सुचवते. 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स', म्हणजे शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून २०१० मध्ये केलेली ही मालिका. निवेदक नील मॅकग्रेगर, त्या वेळी म्युझियमचे संचालक. भाग शंभर, प्रत्येक सुमारे पंधरा मिनिटांचा. पहिली वस्तू हॉर्नेजितेफ नावाच्या इजिप्शियन पुरोहिताची ममी, शंभरावी सौरऊर्जेवर चालणारा दिवा आणि चार्जर.

खरं तर रेडिओवर वस्तू दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हे जमून आलं आहे. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत सापडलेलं दगडी हत्यार, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीचं, मॅकग्रेगर हातात धरतात आणि ते मुठीत कसं बसतं हे सांगतात. भाजी चिरत ऐकत होते मी. हातातल्या सुरीकडे बघत राहिले. पुढे सिंधू संस्कृतीची मुद्रा येते. जेमतेम टपालतिकिटाएवढी, वर एक प्राणी आणि आजतागायत कुणाला न वाचता आलेली चिन्हं. हडप्प्याच्या विटा लाहोर–मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी उचलून नेल्या गेल्या होत्या, हे कळल्यावर पोटात कालवतं. बत्तिसावी वस्तू अशोकाच्या स्तंभाचा तुकडा, ब्राह्मी लिपीतला. आणि ब्याण्णवावा तर इंग्रज घरातला साधा चहाचा सरंजाम. किटली, साखरेचं भांडं, दुधाचं भांडं. त्या एका ट्रेमध्ये चीनला विकलेली अफू, आसामचे मळे आणि कॅरिबियन बेटांवरचे गुलाम सगळे येऊन बसतात.

अशोकाचा भाग ऐकलात तर एक काम नक्की करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याच्या शिलालेखाचा तुकडा आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा अंश भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, जिथून माणसं रोज चर्चगेटची गाडी पकडतात. लंडनमधल्या दगडाबद्दल ऐकून मुंबईतल्या दगडासमोर उभं राहिलं की इतिहास परका राहत नाही.

या मालिकेची उणीवही सांगायला हवी. सगळ्या वस्तू एकाच म्युझियमच्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक तिथे साम्राज्याच्या काळात गेल्या. मॅकग्रेगर हा प्रश्न टाळत नाहीत, पण जिथे तो थेट दुखतो तिथे फार थांबतही नाहीत, असं माझं मत आहे. तरीही पंधरा मिनिटांत एवढं पुरेपूर देणारं दुसरं काही माझ्या ऐकण्यात नाही. कणीक मळून पोळ्या होईपर्यंत दोन भाग आरामात होतात, आणि मधे दाराची बेल वाजली तरी वस्तू एकच असल्यामुळे धागा परत सापडतो.

निसर्गाकडे वळलं की निवड अवघड होते. अमेरिकेतल्या सिएटलहून २००५ पासून निघणारं 'बर्डनोट' रोज एका पक्ष्याबद्दल दोन मिनिटांच्या आत सांगतं. नेमकं आणि सुंदर, पण पक्षी त्यांचे. आपल्या खिडकीत येणारा बुलबुल त्यात क्वचितच भेटायचा. म्हणून माझा तिसरा पर्याय निवेदन नसलेला आहे. 'झेनो-कॅन्टो' हा जगभरच्या पक्ष्यांच्या आवाजांचा खुला संग्रह, तोही २००५ पासूनचा, नेदरलँड्समधला. दहा हजारांहून अधिक जातींची ध्वनिमुद्रणं आहेत. सह्याद्रीतला शीळकरी कस्तुर लावून बघा. पावसाळ्यात ओढ्याकाठी पहाटे एखादा पोरगा रमतगमत शीळ घालत चालला आहे, असं वाटतं. कोकिळेची नोंद उघडा. 'कुहू' नराचं, मादी वेगळंच किक्-किक् ओरडते. आपण तो आवाज वर्षानुवर्षं ऐकलेला असतो, तिचा म्हणून ओळखलेला नसतो. इथे कुणी काही समजावत नाही, ही उणीव आहेच. शास्त्रीय नावं शोधायची थोडी खटपट पडते. पण पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असेल, तर समजावणारा नसलेलाच बरा.

'रेडिओलॅब' या अमेरिकी पॉडकास्टची शिफारस अनेक जण करतील. विज्ञान रंगवून सांगण्यात तो अव्वल आहे, पण आवाजांवर आवाज चढवलेले असतात. शांत श्रवणाच्या यादीत मी तो धरत नाही.

ज्यांना इंग्रजी नकोच, त्यांच्यासाठी आकाशवाणीची मराठी केंद्रं आहेत. भाषा निवांत आणि स्वच्छ. अडचण वेळेची. कार्यक्रम त्याच्या वेळेला लागतो, तुमच्या नाही. मराठी ऑडिओबुकं वेळेच्या बंधनातून सोडवतात, बहुतेक ठिकाणी मासिक वर्गणी पडते, आणि पुस्तक मोठं असलं तर पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत ते तुटक वाटतं.

तेव्हा पंधरा मिनिटं आणि गुंतलेले हात असतील, तर शंभर वस्तू घ्या आणि पहिल्यापासून न ऐकता तेराव्या भागापासून, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या मुद्रेपासून सुरुवात करा. ओळखीचं आधी ऐकलं की निवेदकाच्या उच्चारांची सवय होते. सलग तास मिळत असेल तर 'इन अवर टाइम', पण ज्या विषयाचं थोडं माहीत आहे तो आधी निवडा. दिवसभर बोलणं ऐकून डोकं भरलेलं असेल, तर फक्त पक्षी.

घरात कुणी मोठं माणूस असेल तर आणखी एक करून पाहा. माझ्या आईला इंग्रजी निवेदन झेपत नाही, म्हणून रात्री जेवताना दिवसभरात ऐकलेली एक वस्तू मी तिला मराठीत सांगते. पक्ष्यांचे आवाज मात्र थेट लावते. पावशाचा लावला तेव्हा ती ताटावरून मान वर न करताच म्हणाली, "पेरते व्हा, पेरते व्हा. आमच्याकडे मृगाच्या आधी यायचा तो." मग तेव्हाच्या पेरणीबद्दल ती अर्धा तास बोलत होती.