आरटीएक्स ४०६० वर नऊ महिने: गोव्यात डिचोलीतल्या घरात नवे गेम कसे चालले

२०२५ च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पीसी घेतला, आता डिसेंबर संपत आला. घेताना मी दिसेल त्याला एकच विचारत होतो की यावर नवे जड गेम चालतील का, आणि सगळे सांगायचे, अरे आरामात चालतील. आता तोच प्रश्न मला विचारतात, शिफ्टमधले, मावसभावाचे मित्र, वाड्यावरची कॉलेजची पोरं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. चालतात. पण चालतात म्हणजे नक्की काय हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं आणि पैसे तिथेच चुकतात, त्यामुळे जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी काय घेतलं ते. प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोर बारा थ्रेड. बी६५० मदरबोर्ड. ३२ जीबी डीडीआर५ रॅम, ६००० वाली. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारं, आरटीएक्स ४०६०, त्याची स्वतःची मेमरी ८ जीबी. एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, समोरून जाळीचा कॅबिनेट, आणि २४ इंची १०८० पी मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. मॉनिटर धरून ९२-९३ हजारांच्या आसपास गेले, थोडं सामान पणजीहून, बाकी ऑनलाइन मागवलं. रॅम तेव्हाच घेतली हे बरं झालं, २०२५ च्या डिसेंबरपर्यंत तोच जोड दुपटीच्या वर गेला.

पहिल्या दिवशी एक सेटिंग सगळ्यांनी बघायलाच पाहिजे. डीडीआर५ रॅम पेटीवर ६००० लिहिलेली असली तरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) एक्स्पो, म्हणजे रॅम पेटीवरच्या वेगाने पळवायचं सेटिंग, चालू केल्याशिवाय ती माझ्याकडे ४८०० वरच पळत होती. आणि एक्स्पो चालू करून पहिल्यांदा मशीन सुरू केलं की स्क्रीन बराच वेळ काळीच राहते, रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं, घाबरून बटण दाबू नका. विंडोजमध्ये जाऊन मॉनिटर १४४ वर आहे का तेही बघा, माझ्या मावसभावाने तीन महिने १४४ चा मॉनिटर ६० वर वापरला होता.

पहिले दोन महिने मी अगदी खूश होतो. रेड डेड रिडेम्प्शन २ अल्ट्राच्या जवळपास ठेवून ७५-८० एफपीएस, म्हणजे सेकंदाला इतक्या फ्रेम, इतकी चित्रं. सायबरपंक २०७७, रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या मोजून काढणं, कार्डाला जड) बंद, हाय सेटिंग, ८० च्या वर. किंगडम कम २ हा तर मला वाटतं गेल्या वर्षभरात सगळ्यात नीट बनवलेला गेम आहे, जंगलात घोड्यावरून फिरताना एकदाही अडकला नाही, मोठ्या शहरात शिरलं की प्रोसेसरवर भार येतो आणि आकडा खाली येतो पण खेळायला त्रास नाही. मे महिन्यात डूम द डार्क एजेस आला. त्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड लागतंच, जुन्या जीटीएक्स कार्डावर तो चालत नाही, आणि किमान ८ जीबीचं कार्ड मागतो, तरी डीएलएसएस (चित्र आधी लहान काढून मग मोठं करायची आरटीएक्स कार्डांची सोय) लावून ७० च्या पुढे पळाला. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मीही आरामात चालतात असंच सांगितलं असतं.

मग हळूहळू कळायला लागलं. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग लावलं, डीएलएसएस क्वालिटी, सुरुवातीला ५० च्या वर एफपीएस, छान. तासाभराने बाजारातून गाडी नेताना मधेच अर्धा सेकंद सगळं थिजायचं, परत पळायचं, परत थिजायचं. गेम बंद करून परत लावला की ठीक, पुन्हा तासाभराने तेच. मला वाटलं कार्ड तापतंय, तर तापमान ६८. मग आफ्टरबर्नर या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाच्या मेमरीचा आकडा स्क्रीनवर लावून ठेवला आणि बघितलं, तो ७.६, ७.७ वर जाऊन चिकटलेला.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. कार्डावरची ८ जीबी मेमरी सेकंदाला २७२ जीबी डेटा देऊ शकते. ती भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय स्लॉटमधून, म्हणजे बोर्डावर कार्ड जिथे बसतं तिथून, आणावा लागतो. ४०६० तो स्लॉट आठ लेनचाच वापरतं, म्हणजे चौथ्या पिढीच्या स्लॉटवर सेकंदाला साधारण १६ जीबी. २७२ कुठे आणि १६ कुठे. चौपदरी रस्ता एकदम एका जुन्या अरुंद पुलावर येऊन थांबावा तसं होतं. कार्डाचा चिप बिचारा रिकामा बसून वाट बघतो. म्हणून कार्डात ताकद असूनही गेम अडकतो, आणि सरासरी एफपीएस बघून हे कधीच कळत नाही, कारण तासभरात वीस वेळा अडकलं तरी सरासरी ६० च दिसते. बघायचा तो १ टक्का लो चा आकडा, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेम कशा होत्या तो. माझ्याकडे सरासरी ५५ आणि १ टक्का लो १९ असं येत होतं, आणि डोळ्याला जाणवतात ते १९.

खात्री झाली ती गणपतीत, चवथीला. मावसभाऊ म्हापशाहून आमच्या मूळ घरी येतो, या वेळी त्याने गाडीच्या डिकीत त्याचा पीसी पण आणला. त्याच्याकडे आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबीवालं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पाहुणे पडवीत लवंडले आणि आम्ही आतल्या खोलीत दोन्ही मशीन शेजारी शेजारी लावली, इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, दोघांचंही सेव्ह व्हॅटिकनमधल्या त्याच अंगणात. या गेममध्ये टेक्स्चर पूल साइज नावाचं वेगळं सेटिंग आहे, म्हणजे टेक्स्चरसाठी (भिंती, दगड यांवर चढवलेली चित्रं) कार्डावरची किती मेमरी अडवून ठेवायची ते. माझ्याकडे मीडियमवर ८० च्या आसपास एफपीएस, अगदी गुळगुळीत. मग तेच एक सेटिंग दोन पायऱ्या वर नेलं, बाकी कशालाही हात लावला नाही. आकडा ८० वरून थेट १३. माऊस हलवला की चित्र मागून येतंय. त्याच्या मशीनवर तेच सेटिंग, ९० च्या वर. तो म्हणाला, दादा हे कार्ड बिघडलंय तुझं. मी परत मीडियमवर आणलं, परत ८०. बिघडलं काही नव्हतं, जागा नव्हती.

मग आम्ही चित्र जवळून बघितलं. मीडियमवर जवळची भिंत दोन्हीकडे सारखीच दिसते. पण दहा पावलांवरच्या दगडी खांबाकडे चालत गेलं की माझ्या स्क्रीनवर त्यावरचं कोरीव काम आधी पुसट, मळलेल्या मेणासारखं, आणि अगदी जवळ पोचल्यावर एकदम स्वच्छ होतं. त्याच्याकडे ते लांबूनच स्वच्छ. आई चहा घेऊन आली, तिने दोन्ही स्क्रीन बघितल्या आणि मावसभावाच्या स्क्रीनबद्दल म्हणाली, ह्याचं चित्र स्वच्छ धुतल्यासारखं दिसतंय रे. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

आता फ्रेम जनरेशनबद्दल, कारण दुकानात हेच दाखवून विकतात. यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक फ्रेम स्वतः बनवून घालतं, आकडा दीडपटीच्या वर जातो. पण हात जे करतोय ते खऱ्या फ्रेमलाच कळतं, त्यामुळे मुळात ५५-६० एफपीएस येत असतील तर ९० छान वाटतात, मुळात ३० येत असतील तर स्क्रीनवर ५५ दिसतात आणि हाताला चिखलातून चालल्यासारखं वाटतं. शिवाय फ्रेम जनरेशन स्वतःच कार्डाची मेमरी खातं, म्हणजे ८ जीबीवर जिथे त्याची गरज तिथेच ते अडचण करतं. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या तर रेकमेंडेड स्पेकमध्येच लिहिलं होतं की १०८० पी ला ६० एफपीएस, फ्रेम जनरेशन लावून. असं लिहिलेलं दिसलं की समजून जायचं. माझ्याकडे तो मीडियमवर चालतो, लांबच्या डोंगराचं टेक्स्चर कधी कधी भरतच नाही.

डीएलएसएस मात्र मी मनापासून चांगलं म्हणेन. क्वालिटीवर १०८० पी चा गेम मुळात ७२० पी वर काढला जातो आणि मोठा केला जातो, पूर्वी त्यात केस आणि जाळ्या भुरकट दिसायच्या, २०२५ च्या जानेवारीत नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं ते जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतं आणि त्याने खूप फरक पडला.

एक गोष्ट कार्डाच्या माथी मारू नका. अनरिअल इंजिन ५ चे गेम, उदाहरणार्थ ब्लॅक मिथ वुकाँग, पहिल्यांदा लावल्यावर शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम, कंपाइल (आपल्या कार्डासाठी तयार) करत बसतात, ते पूर्ण होऊ द्या. तरीही नवीन भागात शिरताना बारीक हिसका बसतोच, तो मावसभावाच्या १६ जीबीवर पण बसतो. उलट बॅटलफिल्ड ६ इतका मोठा असून माझ्याकडे हायवर ८० च्या खाली आला नाही, फक्त बायोसमध्ये सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) चालू करावा लागला, त्याशिवाय तो सुरूच होत नाही.

आता गोव्याचं. माझ्या खोलीत एसी नाही, वर कौलं, मे महिन्यात दुपारी खोलीतच ३४. कार्ड ११५ वॉटचंच असल्यामुळे ७४ च्या वर कधी गेलं नाही, पण प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या कूलरवर प्रोसेसर ९० ला टेकायचा आणि पंखा आईला स्वयंपाकघरात ऐकू जायचा. दोन हजारांचा टॉवर कूलर लावला, ७५ च्या आत आला. कॅबिनेटच्या समोरची जाळी दर तीन आठवड्यांनी काढतो, आमच्याकडची तांबडी धूळ त्यावर गोधडीसारखी बसलेली असते, बोटाने सोलून निघते. पावसाळ्यात उलट, धूळ नाही पण भिंतीला ओल आणि कपाटात बुरशी. जुलैत मी आठ दिवस नाईट शिफ्टमुळे मशीन लावलंच नव्हतं, तर मागच्या पत्र्याच्या स्क्रूंवर गंज धरला होता. तेव्हापासून पावसात रोज निदान अर्धा तास चालू ठेवतो, आतली ऊब ओल धरू देत नाही, आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून भिंतीपासून वीतभर लांब ठेवलाय. जे किनाऱ्याकडे राहतात, मोरजी-हरमल बाजूला, त्यांनी तर खाऱ्या वाऱ्यामुळे खिडकीच्या तोंडाशी ठेवूच नये.

आणि वीज. यूपीएस मी पहिल्या दिवशीच घेतला होता, ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉट, माझं मशीन खेळताना अडीचशेच्या आत असतं त्यामुळे सेव्ह करून बंद करायला चार-पाच मिनिटं मिळतात. पण ऑक्टोबरमध्ये पाऊस परतताना संध्याकाळी जो गडगडाट होतो त्यात एका दिवशी मी प्लग काढला आणि निर्धास्त झालो. लॅनची वायर तशीच राहिली. माडांच्या मागे कुठेतरी वीज पडली, राउटर गेला, आणि राउटरमधून वायरीने येऊन बोर्डचा लॅन पोर्ट गेला. पोर्टच्या तोंडाशी करपल्याचा वास येत होता. ज्या दुकानातून बोर्ड घेतला त्याने बघितलं आणि जळालेलं वॉरंटीत बसत नाही म्हणून परत दिला. नशीब की बाकी बोर्ड धड आहे, यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावून काम चाललंय. तेव्हा गडगडायला लागलं की प्लग, लॅन आणि टीव्हीची केबल असेल तर ती, सगळं उपटा. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत ते नावालाच असतं, आमच्याकडेही तसंच निघालं.

एक टीबी कमी पडतो. वुकाँग १३०, इंडियाना जोन्स १२०, असे सहा-सात गेम टाकले की संपला. माझी लाइन १०० एमबीपीएसची, १३० जीबी उतरायला सगळं सुरळीत असलं तरी तीन तास जातात, आणि मधे लाइट गेली तर वेगळंच. एकदा उडवलेला गेम परत उतरवायचं जिवावर येतं, दोन टीबी घ्या.

आज कोणी मला विचारलं तर मी सांगतो, प्रोसेसर अजून हलका घ्या, कॅबिनेट साधा घ्या, चकचकीत दिव्यांचे पंखे नकोत, पण नवे जड गेम खेळायचे असतील तर कार्ड १६ जीबीचं घ्या, ५०६० टीआय १६ जीबी किंवा रेडिऑन ९०६० एक्सटी १६ जीबी. दोन्हींचे ८ जीबीवाले भाऊ त्याच नावाने मिळतात, पेटीवरचा आकडा वाचून घ्या. फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, फिफा असे हलके गेम खेळत असाल तर ४०६० भरपूर आहे, त्यावर एक रुपया जास्त घालू नका.

मी ५०६० टीआय घ्यायचं ठरवलंय, १८० वॉटचं आहे, ६५० चा सप्लाय पुरतो आणि बोर्डही तोच चालतो. माझं ४०६० मावसभावाच्या धाकट्या भावाला देणार, तो दिवसभर व्हॅलोरंटच खेळतो. फेब्रुवारीत कार्ड आलं की त्याच व्हॅटिकनच्या अंगणात, त्याच सेव्हवर परत आकडे काढून इथेच खाली टाकतो.