मोटर चालू केली की बोर्ड बिघडतो: डायोड, कपॅसिटर, वेगळा सप्लाय की ऑप्टोकप्लर?

12 व्होल्टची ब्रशवाली मोटर, ती चालवणारा एखादा मॉसफेट (विजेवर चालणारा स्विच) आणि आर्डुइनो ऊनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड. प्रोग्राम बरोबर असतो, तरी मोटर फिरायला लागली की डिस्प्लेवर भलतीच अक्षरं येतात किंवा बोर्ड रिसेट होतो. कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं: ‘ऑप्टो टाक’, म्हणजे ऑप्टोकप्लर, तारेने न जोडता प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा भाग. माझ्या मते ऑप्टो हा यातला बहुतेक वेळा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे निम्मे उपाय तर जवळपास फुकट आहेत.

निवडण्याआधी बिघाड नेमका कधी होतो ते पाहा. मोटर सुरू होताना बोर्ड पडत असेल, तर सप्लाय खाली बसतोय. बंद करताना पडत असेल, तर कॉइलमधला प्रवाह वाट शोधतोय. मोटर सुरळीत फिरत असताना मधूनच गडबड होत असेल, तर ब्रशच्या ठिणग्यांवर संशय घ्या. खात्री हवी असेल तर मोटर काढून तिथे गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब लावा. थंड बल्बही सुरुवातीला भरपूर करंट ओढतो, पण त्यात ना ब्रश, ना म्हणण्याजोगी कॉइल. बल्बावरही बोर्ड पडला, तर दोष मोटरच्या नॉइजचा, म्हणजे तिने वायरींत सोडलेल्या विजेच्या गडबडीचा, नाही.

वेगळा सप्लाय की डायोड-कपॅसिटर?

थांबलेल्या मोटरला वाइंडिंगचा रोध तेवढा अडवतो. तो 2 ओहम असेल, तर 12 व्होल्टवर पहिल्या क्षणी 6 अँपिअर जातात. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी इथे कामाची नाहीच. ऊनोवरच्या एटीमेगा328पी चिपला 16 मेगाहर्ट्झवर नीट चालायला साधारण 3.8 व्होल्ट लागतात, आणि ऊनोचं ब्राउन-आउट (व्होल्टेज घसरलं की चिप आपोआप रिसेट करणारी सोय) मात्र 2.7 व्होल्टवर ठेवलेलं असतं. मधल्या पट्ट्यात चिप रिसेटही होत नाही आणि धड चालतही नाही. ‘हँग होतो’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते.

वेगळा सप्लाय हा खात्रीचा उपाय, पण जागा आणि पैसे दोन्ही मागतो. एकाच 12 व्होल्टवर भागवायचं असेल, तर बोर्डाच्या व्हिन या सप्लायच्या पिनकडे जाणाऱ्या वाटेवर 1एन5819 डायोड आणि त्याच्या पुढे 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर टाका. मोटरला या कपॅसिटरमधला करंट उलटा ओढता येत नाही. बोर्ड 50 मिलिअँपिअर घेत असेल, तर 4 व्होल्ट उतरायला 80 मिलिसेकंद लागतात. छोट्या मोटरचा सुरुवातीचा झटका तेवढ्यात सरतो. मोटर जड ओझ्यासकट सुरू होणार असेल, तर मात्र वेगळा सप्लायच घ्या.

1एन4007 की शॉट्की?

मोटर बंद होताना कॉइलमधल्या प्रवाहाला वाट द्यायला मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावतात. मोटर नुसती चालू-बंद करायची असेल तर त्यासाठी 1एन4007 हा साधा डायोड पुरतो. पीडब्ल्यूएमने, म्हणजे सप्लाय भराभर चालू-बंद करून, वेग बदलायचा असेल तर तो घेऊ नका. उलट्या दिशेने बंद व्हायला तो मायक्रोसेकंद घेतो, आणि तेवढा वेळ मॉसफेट चालू झाला की सप्लाय त्याच्यातून जवळजवळ शॉर्ट होतो. ही नवी नॉइज आपणच तयार केलेली असते. तिथे शॉट्की हा झटकन बंद होणारा डायोड: 1 अँपिअरपर्यंत 1एन5819, 3 अँपिअरपर्यंत 1एन5822. मोटर उलटसुलट फिरवायची असेल, तर तिच्यावर एकटा डायोड लावू नका. एका दिशेला तो सरळ शॉर्ट होतो. दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या चार स्विचच्या जोडणीला, म्हणजे एच-ब्रिजला, स्वतःचे डायोड असावे लागतात. एल298एन या एच-ब्रिज चिपमध्ये ते नसतात, म्हणून तिच्या मॉड्यूलवर बाहेरून लावलेले दिसतात.

जागेबद्दल एक गोष्ट उलटी सांगितली जाते. पीडब्ल्यूएममध्ये डायोड मॉसफेटजवळ हवा, म्हणजे मोटरच्या लांब वायरींमधला प्रवाह तुटत नाही. ठिणग्यांची नॉइज दाबणारा कपॅसिटर मात्र मोटरच्या टॅगवरच (वायर जोडायच्या पट्ट्यांवर) सोल्डर करायचा: दोन टॅगमध्ये 100 नॅनोफॅरड सिरॅमिक, आणि तरी नॉइज राहिली तर प्रत्येक टॅगपासून मोटरच्या बॉडीला 47 नॅनोफॅरड. ‘मोठा लावला तर जास्त चांगलं’ हे इथे लागू नाही. 20 किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएमवर 100 नॅनोफॅरडमुळे सुमारे 0.3 वॅट वाया जातात. 10 मायक्रोफॅरड लावला तर हाच हिशोब 29 वॅटपर्यंत जातो आणि मॉसफेट तापून मरतो.

ग्राउंड

सगळ्यात जास्त बिघाड इथे असतो आणि विकत घेण्यासारखं काही नसल्यामुळे कोणी बघत नाही. 20 सेंटिमीटर वायरचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) ढोबळ 0.2 मायक्रोहेन्री. तिच्यातले 2 अँपिअर 100 नॅनोसेकंदांत तुटले, तर तिच्या दोन टोकांत 4 व्होल्ट उभे राहतात. ही वायर मोटर आणि बोर्ड दोघांचं ग्राउंड असेल, तर चिपचं शून्यच हलतं. जाड वायरीने इंडक्टन्स फारसा घटत नाही. वाटा वेगळ्या कराव्या लागतात. मोटरचं ग्राउंड थेट सप्लायपर्यंत, बोर्डाचं वेगळं, आणि दोन्ही सप्लायच्या टोकावरच एकत्र. मोटरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या.

दुसरा पर्याय मॉसफेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) 220 ओहमच्या आसपास रेझिस्टर लावून तो सावकाश बंद करणं. तोच प्रवाह 1 मायक्रोसेकंदात तुटला तर 4 चे 0.4 व्होल्ट होतात. मोबदल्यात मॉसफेट थोडा तापतो. कमी वारंवारतेच्या पीडब्ल्यूएमला हा सौदा मी डोळे झाकून करेन, 20 किलोहर्ट्झला नाही.

मग ऑप्टो कधी?

दोन्ही बाजूंचे सप्लाय खरोखर वेगळे असतील तेव्हा. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर ऑप्टो असतो, पण रिलेचा सप्लाय बोर्डाच्या सप्लायला जोडणारा जेडी-व्हीसीसीचा जंपर तसाच ठेवला तर रिले आणि बोर्ड एकाच सप्लायवर राहतात आणि ऑप्टो शोभेचा होतो. शिवाय पीसी817 हा नेहमीचा ऑप्टो संथ आहे: ऊनोच्या 490 हर्ट्झ पीडब्ल्यूएमला चालतो, 20 किलोहर्ट्झला नाही.

230 व्होल्टचा पंप असेल तर

सोसायटीची टाकी भरली की पंप बंद करायचा, एवढंच काम असेल तर निवड रिलेने चालवलेला कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा रिले) की एसएसआर (हलते भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले) अशी होते. एसएसआर प्रवाह शून्यावर आला की बंद होतो, त्यामुळे ठिणगी नाही. पण तो दर अँपिअरला वॅटभर तापतो, आणि मेला की बहुधा चालू अवस्थेतच मरतो. म्हणजे टाकी वाहत राहणार. मी कॉन्टॅक्टर निवडेन, त्याच्या कॉइलवर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड एक्स2 (230 व्होल्टच्या लाइनवर लावायच्या सुरक्षित प्रकारच्या) कपॅसिटरचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, लावून. हाच स्नबर रिलेच्या संपर्कावर लावला, तर रिले उघडा असतानाही 7 मिलिअँपिअर गळतात आणि छोटा कॉन्टॅक्टर कधीकधी सुटतच नाही. हे काम ब्रेडबोर्डवर करू नका. 230 व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घ्या.

गच्चीवरून येणारी फ्लोटची (टाकीतली पातळी सांगणाऱ्या तरंगत्या स्विचची) वायर पंपाच्या वायरीसोबत एकाच पाइपातून आणू नका. चिपचा आतला पुल-अप (पिन 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे अशा लांब वायरीसाठी फारच दुबळा. बाहेरून 1 किलोओहमचा पुल-अप आणि पिनजवळ 100 नॅनोफॅरड लावा. प्रोग्राममध्ये फ्लोटचा सिग्नल सलग दोन सेकंद टिकल्याशिवाय पंपाला हात लावू नका, तेवढ्यात टाकीची पातळी काही फार बदलत नाही.