प्रिंटर वाटायला ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस: वापरून झालेलं मत

नेटवर्कवरचे शेअर्ड प्रिंटर लोकांच्या मशीनवर पोचवायचे असतील, तर विंडोजच्या ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसला (ऑफिसातल्या मशीनना एका जागेवरून सेटिंग्ज पाठवायची सोय) मी डोळे झाकून पसंती देतो. विंडोजच्याच प्रिंट मॅनेजमेंट टूलमधलं 'डिप्लॉय विथ ग्रुप पॉलिसी' सोपं आहे, पण कुणाला काय द्यायचं याची बारीक निवड तिथे जमत नाही. विंडोज सर्व्हर २००८ सोबत आलेल्या प्रेफरन्सेसमध्ये ती जमते, आयटम-लेव्हल टार्गेटिंगमुळे, म्हणजे प्रत्येक नोंद (आयटम) कुणाला लागू व्हावी याची अट लावता येते म्हणून. एकेका मजल्याची आयपी रेंज (तिथल्या मशीनच्या नेटवर्क पत्त्यांचा पट्टा) भरून ठेवली, की लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावर लॉगिन करणाऱ्याला तिथलाच प्रिंटर मिळतो. अकाउंट्सचा प्रिंटर सिक्युरिटी ग्रुपला (ठरावीक युजर्सच्या गटाला) बांधला, की तो इतर कुणाला जोडलाच जात नाही. हेल्पडेस्कवर बसणाऱ्यालाच याची खरी किंमत कळेल.

आता ॲक्शनबद्दल, म्हणजे आयटमने प्रिंटरचं काय करायचं त्याबद्दल. क्रिएट, रिप्लेस, अपडेट, डिलीट असे चार पर्याय असतात आणि बरेच जण 'रिप्लेस'वर बोट ठेवतात. ते टाळाच. रिप्लेस प्रत्येक वेळी जोडणी काढून नव्याने करतं. लॉगिन रेंगाळतं, आणि माणसाने हौसेने लावलेलं दोन्ही बाजूंनी छपाईचं सेटिंगही पुसलं जाऊ शकतं. अपडेट घ्या. इथे एक खाच आहे: कॉमन टॅबमधल्या 'यापुढे लागू नसेल तर काढून टाका' या चौकोनात टिक केली, की ॲक्शन आपोआप रिप्लेस होते. म्हणून मी तो चौकोन रिकामा ठेवतो आणि त्याच प्रिंटरचा वेगळा डिलीट आयटम करून त्याला उलटं टार्गेटिंग (मूळ अटीत न बसणाऱ्यांसाठी) लावतो. आयटम दुप्पट होतात, होऊ देत.

गुण कापायचे तर ड्रायव्हरसाठी, म्हणजे प्रिंटर चालवायला मशीनवर लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. प्रिंटनाइटमेअर या विंडोजच्या छपाई सेवेतल्या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीनंतर, ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून, साध्या युजरला प्रिंटर ड्रायव्हर टाकताच येत नाही. मशीनवर ड्रायव्हर नसेल तर पॉलिसी बरोबर असूनही प्रिंटर येत नाही, आणि नवखा ॲडमिन पॉलिसीतच चूक शोधत बसतो. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातली) एक व्हॅल्यू शून्य केली की अडचण सुटते, हा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया करू नका. ज्या भोकासाठी एवढा खटाटोप झाला, तेच पुन्हा उघडतं. ड्रायव्हर आधी मशीनवर ढकला, मग प्रिंटर जोडा.

डिफॉल्ट प्रिंटर आपल्या मनाने बदलतो ही तक्रार आली, तर ती प्रेफरन्सेसच्या माथी मारू नका. विंडोज १० पासून विंडोज स्वतःच शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट करू शकतं. युजर कॉन्फिगरेशनमध्ये, कंट्रोल पॅनेलच्या प्रिंटर्सखाली, ते बंद करायची पॉलिसी आहे. ती पहिल्याच दिवशी लावून टाका.