मुरुमांवर गर्भनिरोधक गोळी : अकरा पाकिटांनंतरचे मत

पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने उठणारी, हात लागला तरी ठणकणारी मुरुमे मलमांना दाद देईनात, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी मला संयुक्त गर्भनिरोधक गोळी लिहून दिली. संयुक्त म्हणजे दोन संप्रेरकांची : तिच्यात ३ मिलिग्रॅम ड्रोस्पायरेनोन (हे प्रोजेस्टिन) आणि २० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल (हे इस्ट्रोजेन) असते. २८ गोळ्यांच्या पाकिटात २४ गोळ्या औषधाच्या आणि ४ बिनऔषधी असतात.

पहिल्या दोन पाकिटांवरून मत बनवले असते, तर मी तिला नापास केले असते. सकाळची मळमळ, स्तनांतील जडपणा, अवेळी पडणारे रक्ताचे डाग, आणि एवढे सोसूनही मुरुमे होती तशीच. फरक चौथ्या पाकिटात जाणवला. तोही असा की जुनी मुरुमे विरण्याआधी नवी उठेनाशी झाली. हा उशीर समजण्यासारखा आहे. गोळीमुळे अंडाशयातील अँड्रोजेनची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांची, निर्मिती घटते, शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत अधिक प्रमाणात तयार करू लागते, त्यामुळे तैलग्रंथींचा स्राव ओसरतो. मात्र आज दिसणारे मुरूम त्वचेखाली कित्येक आठवडे आधीपासून तयार होत असते. सहाव्या पाकिटानंतर महिन्याला एखाददुसरेच उठू लागले. जुने डाग मात्र गोळीने गेले नाहीत, आणि रात्री लावायचे ॲडापलिन हे मुरुमांवरचे मलम मी अजून सोडलेले नाही.

एकदा हे पाकीट शिल्लक नसताना औषधविक्रेत्याने ‘त्यातलीच दुसरी’ म्हणून केवळ प्रोजेस्टिन असलेली गोळी पुढे केली. गर्भनिरोधनासाठी ती चालते, पण तिच्यात इस्ट्रोजेन नसते आणि तिने काहींची मुरुमे उलट वाढतात. पाकिटावरील घटक वाचण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

धोक्याबाबत आकडेच सांगते. अशी कोणतीही गोळी न घेणाऱ्या, गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींच्या शिरांत रक्ताची गुठळी होते. ड्रोस्पायरेनोनच्या संयुक्त गोळीवर ही संख्या ९ ते १२ आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल या दुसऱ्या प्रोजेस्टिनच्या संयुक्त गोळीवर ५ ते ७ असते. मला हा धोका पत्करण्याजोगा वाटला, परंतु पूर्वी गुठळी झालेल्या, उच्च रक्तदाबाच्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषांसह अर्धशिशी येणाऱ्या किंवा पस्तिशीनंतरही धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांसाठी हा मार्ग नाही. माझा रक्तदाब मोजल्याशिवाय डॉक्टरांनी कागदाला पेन लावले नव्हते, आणि तेच योग्य होते.

‘मध्ये महिना-दोन महिने खंड घे’ असे मैत्रिणी सुचवतात. तो सल्ला मी मानलेला नाही, कारण गुठळीचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि चार आठवडे किंवा अधिक खंडानंतर गोळी पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वाढतो. पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण, गोळी बंद केल्यावर मुरुमे परतू शकतात यासाठी.